राखेखाली भाजलेल्या पोळीचा पुरावा कुठे शोधायचा?

माझ्या पीएचडीचा विषय काय, असं कुणी नातेवाइकांनी विचारलं की मी "जुनी खापरं" एवढंच सांगून मोकळी होते. नीट सांगायचं तर हजारो वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत काय शिजत होतं, हे रसायनशास्त्राच्या मदतीने शोधायचं. बिनझिलईचं भांडं सच्छिद्र असतं. त्यात काही रांधलं की तेल-चरबीचे रेणू भिंतीत मुरतात आणि परिस्थिती बरी असेल तर तिथेच टिकून राहतात. आम्ही त्या खापराचा छोटा तुकडा कुटून पूड करतो, द्रावकात घालून ती चरबी बाहेर काढतो आणि गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मशीनमधून सोडतो. पामिटिक आणि स्टिअरिक ही दोन मेदाम्लं मिळाली, की त्यांच्यातल्या कार्बन-13चं प्रमाण बघून ती दुधाची की मांसाच्या चरबीची, याचा अंदाज बांधता येतो.

या पद्धतीने सगळ्यात चमकदार निकाल दिलेल्या ठिकाणांपैकी एक आहे क्रोएशियाचा दाल्मातिया, म्हणजे एड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेकडची अरुंद किनारपट्टी आणि तिच्या मागचे चुनखडीचे डोंगर. शिबेनिक शहराजवळच्या पोक्रोव्निक आणि दानिलो या दोन नवाश्मयुगीन वस्त्यांमधल्या खापरांवरचा शोधनिबंध 2018 साली आला. सुमारे 7200 वर्षांपूर्वी तिथले लोक चीजसारखं काहीतरी बनवत होते, असा त्याचा निष्कर्ष. भोकं पाडलेली गाळण्यासारखी भांडी मिळाली आणि त्यांत दुग्धजन्य चरबीही मिळाली. बातम्या झाल्या, 'भूमध्य प्रदेशातलं सर्वात जुनं चीज' वगैरे.

निष्कर्ष पक्का आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो वाचल्यापासून एक गोष्ट मला खटकत होती. आमची पद्धत भांड्यावर उभी आहे आणि चरबीवर उभी आहे. मग जे भांड्यात शिजलंच नाही आणि ज्यात प्राण्याची चरबी नव्हती, त्या जेवणाचं काय? गरिबाघरचं बरंचसं जेवण तर तसंच असणार.

दाल्मातियात याचं जिवंत उदाहरण आहे. त्याचं नाव सोपार्निक. स्प्लिट शहर आणि ओमिश गाव यांच्या मागच्या डोंगराळ भागाला पोल्यित्सा म्हणतात. मध्ययुगापासून हा पट्टा जवळजवळ स्वतःच स्वतःचा कारभार बघत होता. त्यांचा 1440 सालचा लेखी कायदाही आहे. 1807 मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच फौजांनी ही स्वायत्तता मोडून काढली. सोपार्निक हा याच लोकांचा पदार्थ, उपासाच्या दिवसांतला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशीचा, घरात मांस नसतानाचा. स्प्लिटला एका कार्यशाळेसाठी जायचं होतं. ती संपल्यावर आठवडाभर पोल्यित्सातल्या एका घरी राहून मी तो शिकून घेतला.

शिकवणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. (तिकडे आजीला 'बाबा' म्हणतात. पहिले दोन दिवस मला हाक मारतानाच हसू यायचं.) त्यांची नात मधे बसून इंग्रजीत सांगायची. कणीक, मीठ, पाणी, थोडं ऑलिव्ह तेल, एवढाच गोळा. प्रमाण विचारलं तर उत्तर यायचं, "पीठ घेईल तेवढं." हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीचं उत्तर आहे, त्यामुळे मला भाषांतराची गरज पडली नाही. सारण ब्लित्वाचं. ही भाजी बीटच्याच जातीची, पण कंदासाठी नाही तर पानांसाठी लावलेली. देठ काढायचे, पानं धुऊन पूर्ण कोरडी करायची, बारीक चिरायची, कांदा, मीठ आणि तेल घालून हाताने उलथापालथ करायची. लाकडाच्या मोठ्या गोल पोळपाटावर, त्याला सिनिया म्हणतात, सुमारे एक मीटर व्यासाची पातळ पोळी लाटायची, त्यावर सारण पसरायचं, वर दुसरी तेवढीच पोळी घालून कडा दुमडायच्या.

खरी गंमत पुढे आहे. कोमिन म्हणजे जमिनीलगतची उघडी चूल. तिच्यावर जाळ करून तळ तापवतात. मग निखारे बाजूला ओढतात, तळ झाडून घेतात, त्यावर हा एवढा मोठा सोपार्निक सरकवतात आणि निखारे-राख थेट त्याच्या अंगावर पसरतात. ना तवा, ना झाकण. विदर्भातल्या वाचकांना गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे डोळ्यांपुढे येतील, फक्त इथे पोळी कागदासारखी पातळ असते. पंधरा-वीस मिनिटांनी केरसुणीने राख झाडतात, वरून चिरलेला लसूण आणि ऑलिव्ह तेल चोळतात आणि शंकरपाळ्याच्या आकारात कापतात.

पातळ पोळी निखाऱ्याखाली जळत कशी नाही? राख ही उष्णतेची वाईट वाहक आहे, म्हणून निखारा आणि पीठ यांच्यामध्ये ती दुलईसारखी काम करते. आतल्या पानांतलं पाणी वाफ होत राहतं, त्यामुळे सारणाचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकतं आणि फक्त बाहेरची कड तांबूस होते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे ती अल्कधर्मी. अल्कधर्मी वातावरणात पीठ लवकर तांबूस होतं, त्यामुळे राखेचा रंगातही थोडा हात असावा, हा मात्र माझा तर्क. आजींना यातलं काही सांगायची गरज नव्हती. राखेच्या थरावर तळवा धरून त्या "आता" किंवा "अजून नाही" एवढंच म्हणत. आठवडाभरात मला लाटणं बऱ्यापैकी जमलं. तळव्याचं ते 'आता' वहीत लिहून घेता येत नाही.

आता पुरावाशास्त्राच्या नजरेने बघा. भांडं नाही, म्हणजे खापर नाही. प्राण्याची चरबी नाही. पानं कुजून जातात. तेल चोळतात तेही चुलीवरून उतरवल्यावर, त्यामुळे चुलीच्या दगडावरही फारसं काही सांडत नाही. उरते राख, आणि राख तर प्रत्येक घरात असते. पूर्ण अशक्य आहे असं नाही. जॉर्डनमधल्या शुबायका इथे सुमारे 14,400 वर्षांपूर्वीच्या चुलीत जळक्या भाकरीचे कण मिळाले, तेही 2018 मध्येच प्रसिद्ध झालं. पण ती भाकरी करपली म्हणून टिकली. चांगल्या भाजलेल्या सोपार्निकचा तुकडा कुणी खाल्ल्याशिवाय सोडत नाही.

त्यामुळे चीज खाणाऱ्याला सात हजार वर्षांचा इतिहास मिळतो आणि पालेभाजी खाणाऱ्याला काहीच नाही. हा फरक त्यांच्या जगण्यातला नाही, आमच्या मशीनमधला आहे. स्वयंपाक शिकायला खेड्यात जाणं मी सुट्टी न मानता संशोधनात का मोजते, त्याचं कारण हे. गाइडना मात्र ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

पण हाताने शिकलेलंही तपासून घ्यावं लागतं. दाल्मातियात आणखी एक प्रसिद्ध पद्धत आहे, पेका. कढई उपडी घातल्यासारखं झाकण तव्यावर ठेवायचं, झाकणावर निखारे पसरायचे. हॉटेलांच्या पाट्यांवर ती 'हजारो वर्षांची परंपरा' असते. झाकणापुरतं ते खरं आहे. इस्त्रियातल्या कांस्ययुगीन वस्त्यांमध्ये अशी मातीची झाकणं मिळाली आहेत. रोमन लेखक केटो याने इसवी सनापूर्वी 160च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात चीज, पीठ आणि अंड्याची एक रोटी पानांवर ठेवून गरम चुलीवर मातीच्या झाकणाखाली भाजायला सांगितली आहे. रोमन झाकणांना बाहेरून एक कड असते, निखारे घसरू नयेत म्हणून. आजच्या लोखंडी पेकाला त्याच कामासाठी कडं असतं.

झाकण जुनं, पण त्याखाली काय असतं? मांस किंवा ऑक्टोपस, आणि सोबत भरपूर बटाटे. बटाटा अमेरिकेतून आला आणि क्रोएशियात तो मुळात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पसरला. शब्दच सांगतो कुठून आला ते. क्रोएशियन 'क्रुम्पिर' हा जर्मन बोलीतल्या 'जमिनीतलं पेअर' अशा अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे ऑस्ट्रियाच्या बाजूने खुश्कीने आलेला. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून समुद्रमार्गे. टोमॅटोला ते 'रायचित्सा' म्हणतात, स्वर्गातल्या सफरचंदावरून. म्हणजे पेका ही जुनी पद्धत आहे, पण पेकाखालचं आजचं जेवण फार तर दोन-अडीचशे वर्षांचं. सोपार्निकमधलं पीठ, पानं, कांदा, लसूण, ऑलिव्ह हे सगळं मात्र कोलंबसाच्या आधीपासून भूमध्य प्रदेशातलंच आहे. तो पदार्थ जुना असू शकतो. 'असू शकतो' आणि 'आहे' यांत अंतर आहे. रोमनांनी सोपार्निक बघून पिझ्झा बनवला, ही स्थानिक लोकांची आवडती कथा म्हणूनच मी इतिहासात धरत नाही.

लेखी पुरावा शोधायला गेलं तर पादुआचा निसर्गअभ्यासक पाद्री आल्बेर्तो फोर्तिस भेटतो. दाल्मातियाच्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक 1774 मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. आतल्या डोंगराळ भागातले लोक रोज चुलीवर बिनखमिराच्या भाकऱ्या भाजतात, असं तो नोंदवतो. भाजलेल्या मांसाच्या खालोखाल त्यांना लसूण-कांदा प्रिय, आणि तो स्वतः न लावता समुद्रापलीकडच्या इटालियन बंदरांतून विकत आणतात याचं त्याला नवल वाटतं. बाहेरच्या माणसाची नजर आहे, थोडी वरून बघणारी. तरी चूल आणि लसूण दोन्ही त्यात आहेत, यावर मी समाधान मानते.

फोर्तिसनंतर या गावांवर मोठे घाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस द्राक्षवेलींच्या मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीने मळे गेले, त्याच सुमारास इटलीच्या स्वस्त वाइनला ऑस्ट्रिया-हंगेरीची बाजारपेठ खुली झाली आणि माणसं चिली, न्यूझीलंड, अमेरिकेला निघून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली स्प्लिटच्या कारखान्यांकडे उतरली. अजूनही गळती चालू आहे. देशाची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत सुमारे 42.8 लाख होती, 2021 मध्ये 38.7 लाख. फ्लॅटमध्ये कोमिन नसतो.

सोपार्निकला 2016 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, आपल्या जीआय टॅगसारखं. ते चांगलंच झालं. स्प्लिटच्या बाजारात तो तुकड्यांवर विकला जातो आणि पोल्यित्साच्या बायकांना त्यातून पैसे मिळतात. पण टॅग नावाला मिळतो. राखेवर तळवा धरणारी पुढची व्यक्ती त्याने तयार होतेच असं नाही. आजींच्या नातीला लाटता येतं, चूल मात्र अजून आजीच सांभाळतात. पर्यटकांमुळे परंपरा बिघडते, अशी तक्रार आपण सहज करतो. इथे तरी मला उलटं दिसलं: उन्हाळ्यात गिऱ्हाईक येतं म्हणून ती चूल पेटते.

निघताना मी चुलीच्या तळाचा नमुना मागितला. आजींनी हसत स्वतःच कोपऱ्यातल्या दगडाचा टवका काढून दिला. एवढ्या वर्षांच्या सोपार्निकनी त्यात काही तेल किंवा पानांवरचं मेण सोडलंय का, ते बघायचं आहे. सापडलं तर जुन्या चुलींच्या दगडांतही तेच शोधता येईल. मशीनला पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे.