पाठीकडून पोटाकडे : भुंगेऱ्यांच्या देहवर्णनाचा इतिहास

जंगलातील एखादा भुंगेरा विज्ञानाला अपरिचित आहे असे ठरल्यावर त्याच्या शरीराचे जे वर्णन प्रसिद्ध केले जाते, त्याला आता एक रुळलेला घाट आला आहे. आरंभी लांबी, आकार व रंग. मग डोके, डोळे आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरील सांधेदार स्पर्शांगे. नंतर मुखांगे, छातीच्या पहिल्या भागाची पाठ, पंखकवचे, शरीराची खालची बाजू व पाय. आणि सरतेशेवटी नराच्या जननांगाची आकृती. हा क्रम वाचणाऱ्याला केवळ सोयीचा वाटतो, परंतु त्यात अडीच शतकांचा इतिहास साठलेला आहे, कारण यांतील जवळजवळ प्रत्येक अवयव वर्णनात आला तो आधीच्या लक्षणांच्या आधारे दोन जाती वेगळ्या ओळखता येईनाशा झाल्या तेव्हाच.

भुंगेऱ्यांच्या गणाची ओळख पंखांवरून होते. पुढच्या पंखांची जोडी कठीण होऊन तिची पंखकवचे बनलेली असतात आणि उडण्याचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक लिनेयस यांनी १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत हा गण मांडला आणि प्राण्यांना प्रजाती व जाती अशी दुहेरी नावे सरसकट दिली, तेव्हा एका जातीसाठी लॅटिनमधील एखादी ओळ त्यांना पुरेशी वाटत होती. ज्ञात जाती मोजक्या असल्यामुळे पंखकवचांचा रंग, त्यांवरील ठिपके आणि एखादे शिंग एवढ्यावर काम भागत असे. कोकणातील नारळाच्या बागायतदारांना ज्याचा उपद्रव चांगलाच ठाऊक आहे, त्या गेंड्या भुंग्याचे शास्त्रीय नावही याच आवृत्तीतील आहे.

त्या काळी भुंगेऱ्याच्या अंतरंगाविषयी काहीच माहिती नव्हती असे मात्र नाही. लिनेयस यांच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, डच शरीरशास्त्रज्ञ यान स्वामरडाम यांनी गेंड्या भुंग्याच्या युरोपीय भाईबंदाचे विच्छेदन केले होते, आणि त्यांची टिपणे व चित्रे त्यांच्या मृत्यूनंतर १७३७-३८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पुढे १८२८ मध्ये स्ट्राउस-डुर्कहाइम यांनी युरोपातील कॉकचेफर नावाच्या भुंगेऱ्याचे स्नायू, मज्जातंतू व श्वासनलिका यांचे इतके बारकाईने चित्रण केले की तो ग्रंथ कीटकांच्या शरीररचनेच्या अभ्यासात मैलाचा दगड ठरला. तरीही या विच्छेदकांना नवी जाती शोधायची नव्हती. एकाच कीटकाचे संपूर्ण शरीर समजून घ्यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. याउलट नावे देणाऱ्यांना शरीराच्या आत डोकावण्याचे प्रयोजन वाटत नव्हते. या दोन परंपरा दीर्घकाळ समांतर चालल्या आणि भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणात त्यांचा खराखुरा मेळ विसाव्या शतकाच्या आरंभीच बसला.

नाव देणाऱ्यांपैकी पाठीवरून नजर हलवणारे पहिले मोठे अभ्यासक म्हणजे लिनेयस यांचे शिष्य योहान क्रिस्तियान फाब्रिसियस. कीटकाचे खरे नाते त्याच्या अन्नावरून व म्हणून त्याच्या मुखांगांवरून कळेल, अशी त्यांची धारणा होती, आणि १७७५ पासून त्यांनी सर्व कीटकांची मांडणी जबडे व त्यांना जोडलेली सांधेदार स्पर्शके यांच्या आधारे केली. विचार तर्कशुद्ध होता, पण व्यवहारात अवघड होता. चार मिलिमीटर लांबीच्या भुंगेऱ्याचे जबडे त्या काळच्या भिंगाखाली पाहायचे, तर बहुधा नमुनाच मोडावा लागे. त्यामुळे प्रजाती मुखांगांवरून आणि जाती मात्र पुन्हा रंगावरून, अशी तडजोड खुद्द फाब्रिसियस यांच्या ग्रंथांतही दिसते. भारताशी त्यांचा संबंध जवळचा होता. आजच्या तमिळनाडूतील तरंगंबाडी ही तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती, आणि तेथील मिशनरी व वैद्य यांनी पाठवलेले कीटक त्यांच्या हाती पडत. महाराष्ट्रात उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीच्या एका प्रमुख जातीला, होलोट्रिकिया सेराटा या भुंगेऱ्याला, जातिवाचक नाव त्यांनीच १७८१ मध्ये दिलेले आहे. पहिल्या वळवाच्या किंवा मोसमी पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमणारे हे तपकिरी भुंगेरे पुढे वर्गीकरणकारांची मोठी परीक्षा पाहणार होते.

मुखांगांपेक्षा पाय पाहणे सोपे होते. फ्रेंच वैद्य एत्येन लुई जॉफ्रॉय यांनी १७६२ मध्येच भुंगेऱ्यांच्या पावलातील पेरे मोजून गट पाडले होते: सगळ्या पायांना पाच पेरे असलेले, मागच्या पायांना चारच असलेले, सर्वत्र चार असलेले आणि तीन असलेले. ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि गंमत अशी की तिच्यातील एक मोठा गट मोजणीतल्या चुकीवर उभा होता. लांब शिंगांचे लाकूड पोखरणारे भुंगेरे आणि पाने खाणारे भुंगेरे यांच्या पावलात चारच पेरे दिसतात खरी, पण तिसऱ्या रुंद पेराच्या खाचेत एक अतिशय लहान पेर दडलेले असते. चूक उघडकीस आली तरी गट मोडला नाही, कारण पेर लपण्याची ही तऱ्हाच त्या भुंगेऱ्यांच्या परस्परनात्याची खूण निघाली. वर्गीकरणात असे क्वचितच घडते.

एकोणिसाव्या शतकात भुंगेरा उताणा करून पाहण्याची रीत पक्की झाली. मागच्या पायांची बुडे उदराच्या पहिल्या दृश्य खंडाला पूर्णपणे दुभागतात की नाही, या एका खुणेवरून भुंगेऱ्यांचे दोन मोठे उपगण वेगळे करता येतात, आणि ही खूण पाठीकडून कधीच दिसत नाही. जमिनीवर शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांत डोळ्यांच्या वरच्या बाजूला असणारे एकेक किंवा दोनदोन राठ केस, तसेच पंखकवचांवरील खोलगट रेषांची व टिंबांची संख्या, हीही नोंदवण्याजोगी लक्षणे ठरली. वर्णन एका ओळीवरून एका पानावर गेले ते या काळात.

भारतातील वन्य भुंगेऱ्यांचे पद्धतशीर वर्णन याच टप्प्यावर सुरू झाले. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील भुंगेऱ्यांचा पहिला खंड १९०६ मध्ये निघाला. चार्ल्स गहान यांनी लिहिलेला हा खंड लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांवर होता, पण त्यातून या कुळाचे एक मोठे उपकुळ राहून गेले आणि मालेत ते पुढेही आले नाही. याच वर्षी देहरादूनला वन संशोधन संस्था स्थापन झाली. या मालेच्या लेखकांत समरेंद्र मौलिक हे भारतीय नाव वेगळे उठून दिसते. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांवरील त्यांचे तीन खंड १९१९, १९२६ व १९३६ मध्ये आले. नमुने गोळा करण्याचे काम मुख्यतः वनाधिकाऱ्यांकडे असे. भारतातील वनप्रकारांच्या वर्गीकरणासाठी प्रसिद्ध असलेले हॅरी चँपियन कुमाऊँच्या जंगलात भुंगेरे वेचत आणि इंग्लंडमध्ये त्यांचे वडील जॉर्ज चँपियन त्यांचे वर्णन करीत, हे या व्यवहाराचे बहुधा सर्वांत घरगुती उदाहरण होय.

दरम्यान १९१२ मध्ये डेव्हिड शार्प व फ्रेडरिक म्यूर यांनी भुंगेऱ्यांच्या नर जननांगाचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि विच्छेदकांची परंपरा नामकरणाच्या परंपरेला येऊन मिळाली. कायटिनयुक्त कठीण आवरणाची ही नळी उदराच्या आत मुडपलेली असते. तिच्या मधल्या भागाचा बाक, टोकाचा आकार आणि दोन्ही बाजूंचे उपांग प्रत्येक जातीत बहुधा वेगळे असतात. हे वेगळेपण का असावे, याचे एक उत्तर फ्रेंच वैद्य लेओं द्युफूर यांनी १८४४ मध्ये सुचवले होते: नर व मादी यांची अंगे कुलूप-किल्लीसारखी जुळतात, त्यामुळे परजातीशी संकर होत नाही. हे स्पष्टीकरण आज सर्वत्र लागू मानले जात नाही आणि मादीकडून होणारी निवड हे कारण अनेक ठिकाणी अधिक पटते. पण कारण कोणतेही असो, ओळखीसाठी हा अवयव कमालीचा उपयोगी ठरला. वर उल्लेखिलेल्या हुमणीच्या प्रजातीतील अनेक भुंगेरे रंगाने, आकाराने व पंखकवचांवरील टिंबांनी इतके सारखे असतात की नराचे जननांग पाहिल्याशिवाय त्यांची जात खात्रीने सांगता येत नाही.

त्यासाठीची कृती गेल्या शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करतात, उदर अलगद सोडवतात, ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून स्नायू विरघळवतात, आणि उरलेली कठीण नळी ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तिची आकृती काढतात. हा सुटा अवयव त्याच टाचणीवर, त्याच भुंगेऱ्याच्या खाली ठेवावा लागतो. तो दुसरीकडे गेला तर वर्णनाचा पुरावाच तुटतो.

पुरावा हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा आहे. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १९३० नंतर दिलेल्या नावासोबत इतर जातींपासूनचा फरक सांगणारी लक्षणे शब्दांत देणे बंधनकारक आहे, आणि १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या जातीसाठी आधारनमुना, म्हणजे जिच्यावर ते नाव कायमचे अवलंबून राहते अशी वस्तू, स्पष्टपणे नेमावी लागते. जुन्या नावांना मात्र ही अट नाही. अठराव्या शतकातील दीड ओळीचे वर्णन अपुरे म्हणून फेटाळता येत नाही. जंगलात सापडलेला भुंगेरा नवा आहे असे म्हणण्यापूर्वी संशोधकाला कोपनहेगन किंवा लंडन येथील संग्रहात जपलेला मूळ नमुना तपासावा लागतो. भारतीय वनसेवेत राहिलेले आणि भूचर शिकारी भुंगेऱ्यांवर १९२९ व १९३५ मध्ये दोन खंड लिहिणारे हर्बर्ट अँड्र्यूझ यांनी खंडांच्या आधी कित्येक वर्षे नेमके हेच केले होते, आणि ब्रिटिश म्युझियम व ऑक्सफर्ड येथील मूळ नमुन्यांवरील त्यांचा लेख १९१९ मध्ये आला होता. त्या खंडांची विश्वासार्हता बऱ्याच अंशी या कंटाळवाण्या पूर्वतयारीची आहे.

एवढे असूनही वनरक्षकाच्या दृष्टीने हे सारे वर्णन चुकीच्या अवस्थेचे होते. सालवृक्ष पोखरणारा भुंगेरा, हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस, १८४२ मध्येच नाव मिळवून बसला होता. त्याच्या प्रौढ नराच्या लांबच लांब शृंगिकांचे वर्णनही उपलब्ध होते. पण १९२०च्या दशकात मध्य प्रांतातील मंडला भागात त्याची साथ पसरली, तेव्हा झाडे मारीत होती ती सालीखाली व खोडाच्या गाभ्यात राहणारी अळी. अशा अळ्यांचे डोके छातीत अर्धे ओढलेले असते, पाय अगदी खुरटे असतात, आणि बोगद्यात पुढे सरकण्यासाठी उदराच्या खंडांवर मांसल उंचवटे असतात; रंगाचा, पंखकवचांचा किंवा जननांगाचा येथे प्रश्नच नसतो. देहरादूनचे जे. सी. एम. गार्डनर यांनी भारतीय भुंगेऱ्यांच्या अपक्व अवस्थांवर दीर्घ लेखमाला लिहून श्वासरंध्रे, जबडे व डोक्यावरील केस यांच्या आधारे अळ्या ओळखण्याची सोय केली, आणि त्याच संस्थेतील सी. एफ. सी. बीसन यांच्या १९४१ च्या बृहद्ग्रंथात वनकीटकांचे जीवनक्रम एकत्र आले. ताज्या तोडलेल्या सालाच्या रसाकडे प्रौढ भुंगेरे ओढले जातात, हे लक्षात घेऊन ओंडके ठेचून ठेवायचे, जमलेले भुंगेरे वेचायचे आणि त्यांच्या मुंडक्यांच्या संख्येवर मजुरी द्यायची, ही पद्धत मध्य प्रदेशातील १९९७-९८ च्या साथीतही वापरली गेली.

आज जगभरात भुंगेऱ्यांच्या चार लाखांच्या आसपास जातींचे वर्णन झालेले आहे. टेरी अर्विन यांनी पनामातील एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशक धुके सोडून खाली पडलेले भुंगेरे मोजले, तेव्हा सुमारे १,२०० जाती निघाल्या; १९८२ मध्ये त्यावरून त्यांनी बांधलेला तीन कोटी संधिपाद जातींचा अंदाज पुढे बराच खाली आणला गेला, तरी वनांच्या छतावरील बहुसंख्य भुंगेरे अवर्णित आहेत हे मान्य झाले. त्यांतील पुष्कळ जाती एकाच नमुन्यावरून प्रसिद्ध होतात. क्ष-किरणांच्या सूक्ष्म छेदचित्रणाने आता नमुना न उघडताही आतील नळी पाहता येते आणि जनुकीय क्रमावरून अळी, नर व मादी यांची जुळणी करता येते, पण जुन्या संग्रहांतील नमुन्यांबाबत ही सोय नेहमीच मिळत नाही. नराच्या जननांगावर ओळख बेतल्यामुळे एकट्या सापडलेल्या माद्या वर्षानुवर्षे नावाशिवाय पेट्यांत राहतात, आणि नव्या जातीच्या वर्णनाखाली ‘मादी : अज्ञात, अळी : अज्ञात’ अशी नोंद अजूनही वारंवार छापली जाते.