बेगमीची विद्या



आंबा घाटावर मृगाचे ढग उतरू लागले, की आम्हा शाहूवाडीकरांच्या घरात पहिली चौकशी होते ती बेगमीची. भात कणगीत गेले का, सांडगे-कुरडया वाळल्या का, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला का? हा विषय बायकांचा म्हणून इतिहासकारांनी बाजूला ठेवला. परंतु इतिहास पुष्कळ वेळा कोठीघरातूनच बाहेर पडला आहे.

१६६० सालच्या मार्चमध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला. पुढे १२ जुलैच्या रात्री शिवाजीमहाराज भर पावसात गडावरून निघाले व विशाळगडाकडे गेले. ती घोडखिंड आणि तो विशाळगड आपल्याच तालुक्यातले. बाजीप्रभूंचा पराक्रम आपण सारेच जाणतो. पण वेढ्यातील गड चार महिने काय खाऊन उभा राहतो, हे आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर पन्हाळ्याच्या अंबारखान्यात आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशा त्याच्या तीन कोठ्या. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगतात. सह्याद्रीच्या पावसात धान्य कोरडे ठेवणे ही त्या जाड भिंतींची कामगिरी. आपली कणगी हे त्याच विद्येचे धाकटे रूप होय.

युद्धानेच युरोपातही ही विद्या पुढे नेली. सैन्यासाठी अन्न टिकवण्याची रीत शोधणाऱ्यास फ्रेंच सरकारने बक्षीस लावले होते. निकोला अपेर या हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरले, बुचे घट्ट बसवली व त्या उकळल्या. १८१० साली त्यास १२,००० फ्रँक मिळाले. पण अन्न का टिकते, हे त्याला ठाऊक नव्हते. सूक्ष्म जंतूंचा हा खेळ पाश्चरने पुढे उलगडला.

तरीही एक शत्रू लपून राहिला होता. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी एका अंत्यविधीनंतर वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांतले तिघे दगावले. व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जंतू शोधून काढला. हा जंतू हवा नसेल तेथेच वाढतो. त्याचे बीज साध्या उकळीने मरत नाही, आणि त्याच्या विषाने अन्नाचा वास वा चव बदलेलच असे नाही. मात्र आंबटपणा व भरपूर मीठ यांपुढे त्याचे चालत नाही. पाण्यात शेकडा १० मीठ असले की तो वाढत नाही.

आता आपल्या आजीची बरणी आठवा. आंबट कैरी, मापून घातलेले मीठ, ओला हात लावू नये ही ताकीद! त्या माउलीस जंतू ठाऊक नव्हता. परंतु पिढ्यांच्या अनुभवाने तिने त्याची वाट अडवली होती.

आज धोका आहे तो अर्धवट नवेपणाचा. रक्तदाबाच्या भीतीने आम्ही मीठ कमी करतो, आणि लसूण किंवा हिरवी मिरची नुसत्या तेलात बुडवून फळीवर ठेवतो. तेल बुरशी थोपवते, पण हवाही बंद करते. म्हणजे त्या जंतूस हवे तेच घर आपण बांधून देतो. उकळून बाटलीत बंद केलेल्या भाजीचेही तेच. मीठ कमी हवे असेल तर लोणचे थोडे खावे, किंवा थोडेच करून शीतकपाटात ठेवून लवकर संपवावे. आंबटाची बाटली उकळून ठेवता येते. बिनआंबट भाजी वाळवावी हेच बरे.

गडाची कोठी राखणाऱ्यास आपण कारभारी म्हणत असू. घराची कोठी राखणारीस तोच मान द्यावा, आणि तिचे माप बदलण्यापूर्वी त्यामागचे कारण समजून घ्यावे, एवढीच आमची विनंती.