माथ्यावरचं पाणी आणि जोगेश्वरीचं लेणं



आज पिकावर नाही लिहीत, पण विषय आपलाच आहे, पाण्याचा. गेल्या पावसाळ्यात मुंबईला जोगेश्वरीला ताईकडे गेलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, घरापासून जवळच दीड हजार वर्षांपूर्वीचं लेणं आहे, चला दाखवतो." आपण जुन्नरकडची माणसं. शिवनेरी आणि लेणी बघत लहानाचे मोठे झालो. मनात म्हटलं, लेणं काय बघायचं नवीन? पण गेलो, आणि तासभर तिथून पाय निघेना.

जोगेश्वरी पूर्वेला हे लेणं आहे. वस्तीला ज्या देवीचं नाव मिळालं, ती योगेश्वरी, म्हणजे जोगेश्वरी, याच लेण्यात आहे. आजही पूजा चालते, बायामाणसं ओटी भरायला येतात. लेणं सहाव्या शतकातलं. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकांनी ते इ. स. 520 ते 550 च्या सुमाराचं धरलं आहे. घारापुरीच्या लेण्याशी त्याचं जवळचं नातं मानतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर सुमारे 250 फूट.

आता आपल्या हिशेबाने बघा. मधला मंडप चौकोनी, बाजू 90 फुटांच्या आसपास, आत 20 खांब आणि मधोमध चार दारांचा गाभारा. उंची नुसती 10 फूट धरली तरी 810 ब्रास होतात. गाभारा आणि खांब वजा करा, तरी 700 ब्रासच्या वर खडक एकट्या मंडपातून बाहेर काढलेला. चौक, पायऱ्या, दक्षिणेची लांब ओसरी वेगळीच. आपण शेततळं काढायला पोकलेन लावतो आणि तासाचा दर विचारतो. इथे छिन्नी, हातोडा आणि माणसाचे खांदे, बास.

पण पाय अडकले ते वेगळ्या गोष्टीने. पूर्वेकडून शिरताना पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. म्हणजे लेणं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल. डोंगरही उंच नाही, टेकाडच म्हणा. बाहेर पाऊस थांबला होता, आत मात्र ठिबक चालू. भिंतीवर ओल, हिरवट थर. दारावरच्या आणि भिंतीवरच्या मूर्ती इतक्या झिजलेल्या, की शिव-पार्वती सारीपाट खेळतायत हे कुणीतरी सांगावं लागतं. सांगितलं की मग दिसायला लागतं. एक हात, एक गुडघा, मानेचा बाक. बाकीचं पाण्याने नेलं.

असं का झालं? पहिलं कारण खडक. हा आपल्या विहिरीत लागतो तसा एकसंध काळा पाषाण नाही. ज्वालामुखीतून पडलेले लहान-मोठे तुकडे चिकटून झालेला खडक आहे, भूगर्भवाले त्याला ब्रेशिया म्हणतात. कोरायला त्यातल्या त्यात सोपा, पण टिकायला कच्चा. मधला चिकटा सुटला की खडा निसटतो आणि तिथे खळगी पडते.

दुसरं कारण क्षार. खारवट जमिनीत काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ओल खालून वर येते, पाणी उडून जातं, क्षार वर राहतो आणि पांढरा थर फुलतो. ओल्या दगडाचंही तेच. क्षाराचे खडे दगडाच्या बारीक छिद्रांत वाढतात आणि वरचा पापुद्रा उकलून टाकतात. ओलं-सुकं, ओलं-सुकं, असे दीड हजार पावसाळे.

तिसरं कारण माथा. लेण्याच्या वर आणि चहूबाजूंनी घरं झाली आहेत. घरं म्हणजे मोऱ्या, नळ, सांडपाणी. पूर्वी या दगडाला चार महिने पाणी आणि आठ महिने उसंत मिळायची. माथ्यावर माणूस राहायला आला की बारमाही पाझर लागतो. शेतात असा पाझर लागला तर आपण त्या जमिनीला उपळट म्हणतो आणि पीक गेलं समजतो.

इथे एक सांगतो. त्या घरांतली माणसं चोर नाहीत. गावात पोट भरेना म्हणून मुंबई गाठलेली, तुमच्या-माझ्या भाऊबंदांसारखीच माणसं असतात ती. कायदा आहे. हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. 1992 च्या अधिसूचनेनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे 200 मीटर परवानगीशिवाय बांधता येत नाही. 2010 मध्ये तो नियम आणखी पक्का केला. पण वस्ती कागदावरचे मीटर मोजून वाढत नाही. घर हलवायचं तर आधी त्या माणसाला दुसरं छप्पर द्यावं लागतं, आणि तोवर निदान मोरीचं पाणी तरी लेण्याकडे न जाता बाहेर वळवावं लागतं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, आता कान्हेरीला चल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, त्याच साष्टी बेटावर. खडक त्याच जातीचा, पाऊसही तोच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तो हाच पट्टा. आमच्याकडे वर्षभरात तेवढा होत नाही.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, त्यातली जुनी जोगेश्वरीच्याही कित्येक शतकं आधीची. तिथे बघावं ते पाण्याचं काम. कातळावर बारीक चर कोरलेत, वरून येणारं पाणी त्यातून लेण्याच्या शेजारच्या टाक्यात उतरतं. टाकं भरलं की जादा पाणी पुढे. ओढ्यावर जुन्या दगडी बंधाऱ्याचे अवशेष आहेत. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय, आणि पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. शेत दान दिल्याच्याही आहेत. त्यातलं एक शेत मंगलस्थान गावचं, म्हणजे आजचं मागाठाणे. जिथे आता इमारती आहेत तिथल्या शेताच्या उत्पन्नावर भिक्षूंची सोय होत होती.

झीज कान्हेरीलाही आहे, नाही असं नाही. पण तिथे माथ्यावर जंगल उभं आहे. पाणी झाडाझुडपांत अडतं, कातळावरच्या चरात येतं, टाक्यात जातं. जोगेश्वरीला माथाच हातातून गेला. पाणलोटाच्या कामात आपण 'माथा ते पायथा' म्हणतो ना, ते पाटी लावण्यापुरतं नाही हे त्या दोन दिवसांत कळलं.

किल्ल्यांचंही हेच. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, बदामी तलाव आहे. पाण्याची सोय असेल तरच गड नांदतो. आज कुठल्याही गडावर तट ढासळलेला दिसला की लोक म्हणतात तोफेने पाडला. काही ठिकाणी खरंही आहे. पण पावसात जाऊन बघा, पुष्कळ ठिकाणी तटामागे माती साचलेली असते, पाणी जायची वाट बुजलेली असते, आणि मागून फुगलेली ओली माती भिंतीला पुढे ढकलत असते. वर पिंपळाचं मूळ फटीत शिरलेलं.

मला हे लवकर ओळखू आलं, कारण माझा स्वतःचा बांध असाच गेला. दोन वर्षांपूर्वी वरच्या तुकड्याला ताल घातली, पिचिंग केलं, सगळं झकास. सांडवा मात्र 'नंतर काढू' म्हणून ठेवला. एकाच रात्रीत पोयटा खालच्या ओढ्यात. मी आठ दिवस पावसाला शिव्या घातल्या. चूक पावसाची नव्हती.

माझा बांध पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घातला, सांडव्यासकट. जोगेश्वरीच्या भिंतीवरचा तो हात, तो गुडघा मात्र पुन्हा घालता येणार नाही.

तर एवढंच करा. तुमच्या शिवारात टेकडीवर गढी, लेणं, टाकं काही असेल तर ऐन पावसात एकदा वर जा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून बाहेर पडायला पाहिजे होतं, ते बघा. स्वतः कुदळ लावू नका, झाडाचं मूळही उपटू नका, त्याने दगड निखळतो. फोटो काढा, ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला लेखी द्या. आणि घरी येताना आपल्या बांधाचा सांडवा मोकळा आहे का, तेही बघून या.