अर्धचौरस त्रिकोण (क्विल्टकाम)

अर्धचौरस त्रिकोण : क्विल्टच्या तुकडेजोड कामातील मूलभूत घटक. दोन रंगांचे काटकोन त्रिकोण कर्णावर जोडून झालेल्या चौरसाला हे नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एचएसटी’ हा शब्दही रूढ आहे. पूर्वी त्रिकोण सुटे कापून मग शिवत. त्यात कर्णाची कड उरेब पडते, हाताळताना ताणते व चौरस वाकडा होतो. म्हणून झटपट पद्धतींत आधी शिलाई व मग काप असा क्रम असतो. वेळेच्या बचतीइतकाच नेमकेपणा हाही त्यांचा खरा लाभ आहे.

अमेरिकेत या क्रमाच्या प्रसारात बार्बरा जोहाना यांच्या ‘द क्विक क्विल्टमेकिंग हँडबुक’ (१९७९) या पुस्तकाचा वाटा मोठा मानतात. जपानच्या ओल्फा कंपनीचे फिरत्या पात्याचे कटर त्याच वर्षी आले. त्याने कापणीही जलद झाली.

दोन नगांची पद्धत : दोन चौरस सुलट बाजू आत ठेवून जुळवतात, एक कर्ण आखतात, त्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई मारतात आणि आखलेल्या रेघेवर कापतात. मूळ चौरस तयार मापापेक्षा (क्विल्टमध्ये शिवल्यावर दिसणाऱ्या मापापेक्षा) ७/८ इंच मोठा लागतो. पाव इंच शिलाईसाठी गणिताने येणारी वाढ सुमारे ०.८५४ इंच आहे. ती पट्टीवर मोजता यावी म्हणून ७/८ धरतात. कसबी कारागीर पूर्ण १ इंच वाढवून नंतर छाटतात, आणि तेच श्रेयस्कर.

आठ नगांची पद्धत : दोन्ही कर्ण आखून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना शिवतात, मग मध्यातून उभे, आडवे व दोन्ही कर्णांवर कापतात. चौरसाचे माप तयार मापाच्या दुपटीत १ ३/४ इंच मिळवून येते. ३ इंची नगांसाठी ते ७ ३/४ इंच होते. एकाच रंगजोडीचे बरेच नग हवे असल्यास हीच पद्धत सर्वांत सोयीची.

चार नगांची पद्धत : चौरसांच्या चारही कडांना शिवून दोन्ही कर्णांवर कापतात. यात बाहेरच्या कडा उरेब राहतात. त्या ताणू नयेत म्हणून कांजी लावलेले कापड घ्यावे.

शिलाईची कड बहुधा गडद रंगाकडे दाबून इस्त्री करतात. काहीजण ती दोन्हीकडे उघडतात. छाटताना पट्टीची ४५ अंशांची रेघ शिलाईवर ठेवतात. ३ इंच तयार मापाचा नग, कडांच्या शिलाईची जागा धरून, छाटून साडेतीन इंचांचा ठेवतात.