आजीची भिशी आणि बडोद्याचा सहकार

बडोद्याच्या सहकाराची गोष्ट आपण नेहमी १८८९ पासून सांगतो. त्या वर्षी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. इंग्रज सरकारचा पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे मंडळी त्याच्या पंधरा वर्षं आधीची. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण आमच्या वाडीतल्या घरात कर्जाचा व्यवहार चालायचा तो वेगळ्याच वहीत.

आजी पापड-लोणची करून विकायची. उडदाची डाळ, पापडखार, हिंग करियाण्याच्या दुकानातून उधार यायचं. पापड विकले की हिशेब चुकता. मोठी खरेदी असली की भिशी. दहा बायका, महिन्याला पाच रुपये. पहिली उचल आजीची, म्हणजे पन्नास रुपये हातात आणि फेड पुढचे नऊ महिने, बिनव्याजी. शेवटी उचलणारीची मात्र नुसती बचत व्हायची. जिची नड मोठी तिला आधी, हा अलिखित नियम.

मागच्या गल्लीतल्या काकूंकडे कोंबड्या होत्या, त्याही अर्धलीने घेतलेल्या. खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसवायची, एकवीस दिवसांनी पिल्लं, ती मोठी झाली की निम्मी मालकाची. इथे व्याज पैशात नव्हतं, पिल्लांत होतं. आणि मर लागली तर? नुकसान दोघांचं! सावकाराच्या कर्जात ही सोय कुठली?

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. १९७२ मध्ये बँकांची चार टक्के व्याजाची योजना आली. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. बायकांनी आधी आपसात बचत करायची, एकमेकींची हमी घ्यायची, मग कर्ज. वाचताना मला वाटलं, अहो, ही तर आजीची भिशीच! फरक एवढाच की आता तिला खातं आणि शिक्का मिळाला.

संस्थांची इतिवृत्तं जपली जातात. भिशीच्या वह्या मात्र रद्दीत जातात; आजीची तशीच गेली. ती असती तर कोणी किती उचललं, कधी फेडलं, हे आज दाखवता आलं असतं. तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी वही असेल तर टाकू नका. निदान पानांचे फोटो तरी काढून ठेवा.