लायसनवरचा शेरा

परवा इंग्लंडहून भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला. "काय रे, बरं नाही का?" म्हटलं, तर म्हणाला, "मावशी, तीन पॉइंट बसले." मला वाटलं, कसल्यातरी खेळाबद्दल बोलतोय. मग उलगडा झाला. ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर साहेब ३६ ने निघाले होते आणि कॅमेऱ्यात सापडले. आदल्या वर्षीही असंच झालं होतं, तेव्हा वेगाचे धोके समजावणाऱ्या वर्गाला बसवून सोडून दिलं होतं. तीन वर्षांच्या आत ती सवलत पुन्हा मिळत नाही. म्हणजे पहिल्यांदा शिकवणी, दुसऱ्यांदा शेरा! १०० पौंड दंडाचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. "पैसे भरले की संपतं गं, पण हे पॉइंट चार वर्षं लायसनवर राहणार. विमावाले विचारणार, हप्ता वाढवणार."

जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मला लगेच प्रश्न पडला, की हे लिहून ठेवणं सुरू कधी झालं?

इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीला गावात ताशी २ मैलांची मर्यादा होती. पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालायचा. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातल्या पॅडक वुड गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी ८ मैलांनी गेले. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना पकडलं! त्या वेगाबद्दल एक शिलिंग दंड आणि वर खर्च. दंड भरला, विषय संपला. कारण शेरा मारायला तेव्हा चालकाचं लायसनच नव्हतं.

ते आलं १९०३ च्या मोटार कायद्याने. १ जानेवारी १९०४ पासून गाडीला नंबर आणि चालकाला लायसन सक्तीचं झालं, मर्यादा ताशी २० मैल ठरली. गुन्हा शाबीत झाला की कोर्टाने त्याची नोंद लायसनवर करायची. पण गंमत बघा, नुसत्या वेगाचे पहिले दोन गुन्हे यातून वगळले होते. तिसऱ्यांदा मात्र शेरा. हा कायदा करणाऱ्यांमध्ये कोणी शिक्षक असावा अशी मला दाट शंका आहे!

पुढे १९६२ च्या कायद्याने तीन वर्षांत तीन शेरे झाले की लायसन काही काळ रद्द, असा हिशेब आणला. त्यात लहान-मोठा गुन्हा एकाच मापाने मोजला जाई. म्हणून १९८२ पासून गुणांची पद्धत आली. वेगाच्या गुन्ह्याला ३ ते ६ गुण, आणि तीन वर्षांत १२ भरले की साधारणपणे निदान सहा महिने गाडी बंद. नवशिक्याचं लायसन तर पहिल्या दोन वर्षांत ६ गुणांतच जातं. २०१५ पासून ही नोंद कागदावर नाही, सरकारी संगणकात असते.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटारीच्या अतिवेगाला १००० ते २००० रुपये दंड ठेवला आणि पुन्हा पकडलं तर लायसन जप्त करण्याची तरतूद केली. पण कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि ई-चलन मालकाच्या नावावर जातं. आमच्या शेजारी मुलगा गाडी हाणतो आणि मेसेज येतो वडिलांच्या मोबाईलवर. मुलाची पाटी कोरीच!

हे सगळं भाच्याला सांगताना मला एक जुनी गोष्ट आठवली. १९८० च्या सुमारास वर्गातल्या एका मुलाने प्रयोगशाळेची काच फोडली, वर उलट उत्तर दिलं. त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा मजकूर मी लिहून दिला. 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' न लिहिता 'असमाधानकारक' लिहिलं. शिस्त म्हणजे शिस्त. काही वर्षांपूर्वी तो एका लग्नात भेटला. पाया पडला. सहज बोलता बोलता म्हणाला, "बाई, दोन ठिकाणी नोकरीला तो दाखला दाखवला. मग दाखवणंच सोडलं." तक्रारीचा सूरही नव्हता. मला मात्र जेवण गेलं नाही.

नोंद ठेवू नये असं मी म्हणत नाही. नुसता दंड असेल तर पैसेवाला भरतो आणि पुन्हा पळवतो. नोंद मात्र श्रीमंताची आणि गरिबाची सारखीच भरते. पण त्या इंग्रजी कायद्याने शेऱ्याला मुदत दिली आहे. चार वर्षं नीट वागलास तर नाव पुसलं जाईल, हे त्यातच लिहिलेलं आहे. माझ्या शेऱ्याला मुदत नव्हती. एका काचेची किंमत त्या मुलाने किती वर्षं भरली, कोण जाणे.

भाच्याला एवढंच म्हटलं, "अरे, चार वर्षं सावकाश चालव. तुझा शेरा पुसला जाणार आहे. सगळ्यांचे जात नाहीत."