नेहमीच्या उतारूची सवलत

मुरूडच्या एस. टी. स्थानकावर मासिक पास काढणाऱ्या उतारूस एक हिशेब तोंडपाठ असतो : भाडे वीस दिवसांचे भरावयाचे आणि प्रवास तीस दिवस करावयाचा. तीन महिन्यांचा पास काढला, तर पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस निघतात. ओळखीचा दुकानदार मापावर चार दाणे अधिक टाकतो, तसाच हा प्रकार वरवर पाहता वाटतो. परंतु वाहतुकीच्या इतिहासात डोकावले असता असे दिसते की, नेहमीच्या गिऱ्हाइकास दिलेली सूट कधी बक्षीस ठरली आहे, तर कधी बेडी. सुटीचा आकडा किती मोठा, यावर हे अवलंबून नसते. सुटीचा पैसा किती काळ कोणाच्या हाती राहतो, यावर ते ठरते.

१९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी १ जून रोजी एस. टी. ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास गेली. त्यापूर्वीच्या पिढ्यांचा मुंबईचा मार्ग मुख्यत्वे समुद्राचा. खाड्यांनी तोडलेल्या या किनाऱ्यावर आगबोट हेच लोकांचे वाहन होते, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकास बांधून ठेवण्याची विद्याही प्रथम आगबोटवाल्यांनीच शास्त्रशुद्ध रीतीने वाढविली.

तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कलकत्त्याच्या व्यापारात झाला. विलायत आणि कलकत्ता यांच्या दरम्यान जहाजे चालविणाऱ्या कंपन्यांनी १८७५ साली आपसांत संघ केला आणि १८७७ साली मँचेस्टरचे कापड पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांस दहा टक्के सूट देऊ केली. मात्र ही सूट रोख नव्हती. सहा महिने व्यापाऱ्याने पुरे भाडे भरावयाचे. त्यावरील सूट कंपनीच्या दप्तरी जमा राहावयाची. पुढील सहा महिनेही त्याने संघाच्याच जहाजांतून माल पाठविला, तरच ती हाती पडावयाची. मध्यंतरी एखादे गाठोडे जरी परक्या जहाजात चढले, तरी साठलेली सारी सूट बुडाली! शिवाय पहिल्या सहामाहीची सूट मिळेपर्यंत दुसऱ्या सहामाहीची सूट अडकलेली असे. म्हणजे व्यापारी मोकळा असा कधीच होत नसे. स्वस्त दर घेऊन कोणी नवा जहाजवाला बंदरात आला, तरी त्याच्याकडे जाण्याची छाती कोणास होत नसे. जो पैसा व्यापाऱ्याने स्वतःच्या पेटीतून भरला होता, त्याच पैशाने त्याचे हात बांधले गेले होते. ही पद्धत पुढे इतकी फैलावली की, तिच्या चौकशीसाठी १९०६ साली इंग्लंडात एक शाही आयोग नेमावा लागला.

मुंबईस हिचा चटका १८९३ साली बसला. जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीशी सहकार्य करून मुंबईहून पूर्वेकडे जहाजे सुरू केली. त्या मार्गावर पी. अँड ओ. कंपनी आणि तिचे साथीदार यांचे वर्चस्व होते. त्यांनी कापसाचे भाडे इतके उतरविले की, त्यातून कोळशाचाही खर्च निघणे कठीण. आणि टाटांच्या जहाजाकडे न फिरकण्याचे वचन देणाऱ्यांस तर त्याहूनही सवलत. येथील व्यापारी त्या मोहास बळी पडले आणि टाटांना जहाजे बंद करावी लागली. भाड्याची स्वस्ताईही मग फार दिवस उरली नाही. जपानी कंपनी मात्र टिकली. याचे कारण असे की, जपानच्या सूत गिरण्यांच्या संघाने आपला कापूस तिच्याच जहाजांतून आणण्याचा करार केला होता, आणि प्रतिपक्ष कमी दर सांगत असतानाही तो पाळला. निष्ठा दोन्हीकडे होती; एकीकडे ती विकत घेतलेली, दुसरीकडे विचारपूर्वक दिलेली.

हाच खेळ दक्षिणेत उतारूंच्या बाबतीत खेळला गेला. १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळे यांनी तुतिकोरीन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तुतिकोरीन ते कोलंबो या मार्गावर तोवर ब्रिटिश इंडिया कंपनीची सत्ता होती. तिने भाडे उतरवीत उतरवीत अखेर उतारूंस फुकट नेण्यास प्रारंभ केला, आणि वर छत्री भेट दिली, अशी हकीकत सांगतात. १९०८ साली चिदंबरम् पिळ्ळे तुरुंगात गेले आणि १९११ साली कंपनी मोडली. मग फुकटच्या प्रवासाचे प्रयोजनच संपले.

कोकण किनाऱ्यावरही परकीय भांडवलाच्या आगबोटींशी सामना देण्यासाठी देशी सहकारी कंपनी निघाली. इंडियन को-ऑपरेटिव्ह हे तिचे इंग्रजी नाव. लोक मात्र तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. गिऱ्हाइकाने कंपनीस ‘माझी’ म्हणावे, याहून मोठी निष्ठा ती कोणती? तीस सुटीचे आमिष लागले नव्हते. परंतु याच कंपनीची ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्राने गिळली. लोकांनी आपुलकीने टाकलेला विश्वास हेही एक प्रकारचे ऋणच असते. ते भाड्याच्या सुटीने फिटत नाही. उतारू सुखरूप धक्क्यास लागला, तरच फिटते.

राखून ठेवलेल्या सुटीविरुद्ध आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मुंबईहून ५ एप्रिल १९१९ रोजी लंडनकडे निघालेल्या सिंदिया कंपनीच्या पहिल्या जहाजाचे नाव, योगायोग असा की, ‘लॉयल्टी’, म्हणजेच निष्ठा, असे होते. या कंपनीशी संबंधित असलेले साराभाई नेमचंद हाजी यांनी विसाच्या दशकाच्या अखेरीस मध्यवर्ती कायदेमंडळात किनाऱ्यावरील व्यापार देशी जहाजांसाठी राखण्याचे आणि ही सूट बंद करण्याचे विधेयक मांडले. परकीय सरकारच्या काळात त्यांचा कायदा झाला नाही.

आता आगबोटींचा जमाना गेला आणि कागदी तिकिटाच्या जोडीस यंत्रावर टेकवावयाचे कार्ड आले. परंतु हिशेबातील गंमत तीच आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात २०१२ च्या अखेरीपासून ‘ओपल’ कार्ड सुरू झाले. आठवड्यात आठ प्रवासांचे पैसे भरले की पुढचे प्रवास फुकट, असा नियम होता. हेतू रोजच्या नोकरदारास दिलासा देण्याचा. लोकांनी काय केले? सोमवारी-मंगळवारीच जवळजवळच्या दोन थांब्यांमध्ये येरझारा घालून अगदी स्वस्तातले आठ प्रवास पुरे केले, आणि उरलेला आठवडा लांबचे प्रवास फुकट केले! अखेर सप्टेंबर २०१६ पासून फुकटाऐवजी अर्धे भाडे ठेवावे लागले. येथे व्यापाऱ्याने उतारूस नव्हे, तर उतारूने व्यापाऱ्यास पेचात धरले.

आपल्या पासाचेही असेच कंगोरे आहेत. महिन्यात पंचवीस दिवस जाणाऱ्यास पाच दिवसांचे भाडे वाचते; अठराच दिवस गेला, तर उलट दोन दिवसांचे भाडे अंगावर पडते. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांस अर्धे तिकीट झाले. अर्ध्या तिकिटाने कोणी बाई तीसही दिवस प्रवास करील, तरी पंधरा दिवसांचेच पुरे भाडे होते. तेव्हा वीस दिवसांच्या पुऱ्या भाड्याचा पास तिने कशास काढावा?

पण याहून गंभीर कंगोरा निराळाच आहे. पासाची सूट ज्याच्याजवळ महिन्याच्या आरंभी वीस दिवसांचे भाडे एकरकमी असते, त्यालाच मिळते. एका बाजूचे भाडे तीस रुपये धरले, तर ही रक्कम बाराशे रुपये होते. पगारदार ती सहज काढतो. रोजच्या मजुरीवर पोट असणारा गडी त्याच गाडीने, तितकेच दिवस जातो. मात्र रोज तिकीट फाडल्यामुळे पंचवीस दिवसांचे पंधराशे भरतो. दोघांची निष्ठा सारखी, परंतु गरिबाचा प्रवास तीनशे रुपयांनी महाग!

कागदी पासाला या अन्यायावर उपाय नव्हता, कार्डाला आहे. लंडन शहरात २००५ पासून कार्डावर दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. उतारू प्रत्येक फेरीचे पैसे देत जातो. मर्यादा गाठली की यंत्र आपोआप घेणे थांबविते. आगाऊ रक्कम नको, आणि सहा महिने राखून ठेवलेली सूटही नको. हीच मर्यादा महिन्याला लावली, तर रोजंदारीच्या गड्यालाही एकविसाव्या दिवसापासून तिकीट पडणार नाही. कलकत्त्याच्या जहाजवाल्यांनी हिशेबाची चतुराई गिऱ्हाइकास बांधण्यासाठी वापरली. तितकीच चतुराई त्याला मोकळे ठेवून त्याचा वाटा त्याच्या पदरात घालण्यासही पुरेशी आहे.